भायखळ्याहून शिवेपर्यंत

मनुष्य ज्या रस्त्याने नित्य ये-जा करतो, त्या रस्त्याविषयीच त्याला बहुधा सर्वांत कमी माहिती असते. दूरदेशीच्या नद्यांची व पर्वतांची नावे तो घडाघडा म्हणून दाखवील; परंतु आपल्या दारावरून जाणारा रस्ता कोठून आला आणि कोठे जातो, असे विचारले असता तो डोके खाजवू लागतो. हा दोष आम्ही इतरांच्या माथी मारीत नाही. तो आमच्या अंगी पुरेपूर होता. आणि तो आमच्या ध्यानात आणून देण्याचे काम आमच्याच वर्गातील एका मुलाने, स्वतःला नकळत, केले. ती हकीकत या अंकाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

गतवर्षी इयत्ता आठवीच्या वर्गास आम्ही ‘माझ्या शाळेचा रस्ता’ या विषयावर दहा वाक्ये लिहून आणावयास सांगितली. बहुतेकांनी रीतीप्रमाणे लिहिले : रस्ता रुंद आहे, वाहने पुष्कळ आहेत, कचरा टाकू नये, नियम पाळावेत. एका मुलाने मात्र दोनच वाक्ये लिहिली होती. ‘या रस्त्यावर माझी आई बसते. म्हणून मला तो आवडतो.’ दहा वाक्यांच्या जागी दोन वाक्ये पाहून आम्हांस राग आला. आम्ही दहापैकी दोन गुण दिले आणि खाली लाल शाईने ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारून वही परत केली.

त्याच दिवशी मधल्या सुटीत सहज मनात आले की, आपण स्वतः ही दहा वाक्ये लिहू शकू काय? कागद पुढे ओढला. चौथ्या वाक्यापाशी लेखणी अडली. ज्या रस्त्यावर आमचा जन्म झाला, ज्याच्या काठाने चालत आम्ही शाळेत गेलो, आणि मिशनच्या वसतिगृहातील दिवस व पदवीचे शिक्षण आटोपून पुन्हा ज्याच्याच काठी शिक्षक म्हणून येऊन बसलो, त्याविषयी आमची माहितीही अपुरीच निघाली! मग ग्रंथालयातून चार पुस्तके काढली, आणि डिसेंबरातील एका शनिवारी सकाळी सात वाजता अकरा मुलामुलींस बरोबर घेऊन हा रस्ता पायी चालावयाचा बेत केला. दोन वाक्ये लिहिणारा तो मुलगाही आमच्या टोळीत होता.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मार्ग हे या रस्त्याचे आजचे नाव. भायखळ्याहून निघून लालबाग, परळ, दादर, माटुंगा असे टप्पे घेत तो शिवेस पोहोचतो. अंतर सुमारे आठ किलोमीटर. पूर्वी त्याच्या तुकड्यांस निरनिराळी नावे होती. दक्षिणेकडील भागास परळ रोड म्हणत, दादर-माटुंग्याकडील भागास व्हिन्सेंट रोड म्हणत. वृद्ध मंडळींच्या तोंडी ती नावे आम्ही लहानपणी पुष्कळ ऐकली आहेत.

राणीच्या बागेच्या दाराशी आम्ही सर्व जमलो. येथे उभे राहिले असता प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, पायाखालील भूमी मूळची अशी कोरडी नव्हती. मुंबई ही सात बेटांची नगरी. महालक्ष्मी व वरळी यांच्यामधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे आणि बेटाच्या मध्यभागातील सखल प्रदेशात पसरे. दक्षिणेकडे पायधुणी म्हणून जो भाग आहे, त्याचे नाव तेथे उथळ पाण्यातून आलेले लोक पाय धूत असत म्हणून पडले, असे सांगतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत, ते खिंडार बांध घालून बुजविण्यात आले. तेव्हापासून भायखळ्याकडील दलदल हळूहळू आटू लागली आणि गाड्यांची चाके रुतल्यावाचून उत्तरेकडे जाण्याची सोय झाली. रस्त्याची पहिली गरज जमीन. ती येथे समुद्राकडून मागून घ्यावी लागली.

ही बाग १८६२ साली लोकांस खुली झाली. व्हिक्टोरिया राणीचे नाव तिला होते, म्हणून ती राणीची बाग. पुढे तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देण्यात आले. लोक मात्र अजूनही ‘राणीबाग’च म्हणतात, आणि जिजाबाईही राजमाताच असल्याने त्यात फारसे चुकते असेही नाही. शेजारचे वस्तुसंग्रहालय १८७२ सालचे. १९७५ पासून त्यास डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. त्याच्या आवारातील दगडी हत्ती मुलांस आम्ही मुद्दाम दाखविला. पोर्तुगीजांनी घारापुरीस ‘एलिफंटा’ हे नाव दिले ते याच हत्तीवरून. एकोणिसाव्या शतकात त्यास इंग्लंडास नेण्याची खटपट झाली. त्या ओढाताणीत तो भंगला. त्याचे तुकडे येथे आणून १९१४ साली पुन्हा जोडण्यात आले. मुलांची इच्छा पेंग्विन पाहण्याची होती. ‘ते परतताना’ असे म्हणून आम्ही पुढे निघालो.

रस्त्याच्या डाव्या अंगास थोड्या अंतराने आगगाडी धावते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली गाडी गेली, ती याच बाजूने. रस्ता व लोहमार्ग ही जणू दोन भावंडे. एकमेकांपासून फार दूर न जाता दोघेही उत्तरेकडे जातात. या दोघांच्या आधाराने पुढे तिसरी वस्तू आली, ती म्हणजे कापडाची गिरणी. मुंबईत पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे काढली. तिचे काम १८५६ साली सुरू झाले. त्यानंतर चिंचपोकळी, लालबाग, परळ या भागांत चिमण्यांचे रानच उठले. कोकणातून, देशावरून, घाटमाथ्यावरून माणसे आली. आमचे आजोबा अहमदनगर जिल्ह्यातून आले. एका खोलीत दहा-दहा माणसे पाळीपाळीने निजत. एक पाळी कामावरून परतली की दुसरी पाळी अंथरुणावरून उठे. आमच्या लहानपणी या भागात घड्याळाची गरज पडत नसे. गिरणीचा भोंगा तेच घड्याळ.

येथे एका सत्पुरुषाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, परळ भागात त्यांच्या सभा भरविल्या आणि आठवड्यातून एक दिवस विसाव्याचा मिळावा म्हणून सतत झगडा केला. १० जून १८९० रोजी गिरणीवाल्यांनी रविवारची सुटी मान्य केली. आमचे कुटुंब दर रविवारी सकाळी स्वच्छ कपडे करून उपासनेस जात असे; ती सकाळ वडिलांस मोकळी का सापडते, असा प्रश्न आमच्या मनात बालपणी कधी आला नाही. वरकड गोष्टींप्रमाणे तीही आभाळातून पडलेली असावी असे वाटे.

लालबागेशी येताच माथ्यावर पूल लागतो. तो २०११ साली वाहतुकीस खुला झाला. लांबी सुमारे अडीच किलोमीटर. त्यावरून जाणाऱ्या मोटारीस लालबाग दिसतच नाही म्हटले तरी चालेल. पुलाखाली मात्र पूर्वीचाच बाजार, तीच मसाल्याची दुकाने, तोच खाकरा आणणारा मिरचीचा वास. आम्ही मुलांस मसाल्याच्या गल्लीविषयी काही सांगण्याच्या बेतात होतो, इतक्यात तो दोन वाक्यांचा मुलगा एकदम मोठ्याने ओरडला, “आई! ए आई!” आणि रांग मोडून धावत सुटला.

पुलाच्या एका खांबाशी, गोणपाटावर पेरूंचा ढीग मांडून एक बाई बसल्या होत्या. मुलाने त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि आमच्याकडे वळून, सर्व टोळीस ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “सर, ही माझी आई.” बाई लगबगीने उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “गुरुजी, पोरं उन्हाची चालत आलीत, थांबा जरा.” आम्ही नको नको म्हणत असता त्यांनी अकरा पेरू निवडून काढले, प्रत्येकाचे चार भाग करून तिखटमीठ लावले, आणि मुलांच्या हातांवर ठेवले. पैसे पुढे केले तर त्या म्हणाल्या, “माझ्या दुकानात माझ्या लेकाचे पाहुणे आले, पैसे कसले घ्यायचे?”

मुले आनंदाने पेरू खात होती. आमच्या घशाखाली मात्र घास उतरेना. ते ठिकाण आमच्या ओळखीचे होते; तेहतीस वर्षांपूर्वी, पूल नव्हता तेव्हा, तेथून पन्नास पावलांवर आमचे वडील बसत असत.

वडील विणखात्यात साच्यांवर काम करीत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. आम्ही तेव्हा अगदीच अजाण होतो. तो संप रीतसर मिटलाच नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पुष्कळ बंद पडल्या, आणि हजारो माणसे जी एकदा बाहेर राहिली ती कायमचीच. त्यांत आमचे वडील होते. काही दिवस त्यांनी रखवालदारी केली, काही दिवस हमाली. शेवटी लिंबे, मिरच्या व कोथिंबीर यांची पाटी घेऊन ते लालबागेच्या पदपथावर बसू लागले. ज्या बोटांनी तुटलेला धागा क्षणात सांधला जाई, त्या बोटांनी ते कोथिंबिरीच्या जुड्या बांधीत. त्या जुड्याही अशा एकसारख्या असत की, गिऱ्हाइकाने कोणतीही उचलावी.

१९९१ साली आम्ही सहावीत होतो. एके सायंकाळी शाळेतून परतताना वर्गातील तिघे मित्र बरोबर होते. त्यांचे वडील कचेरीत नोकरीस होते, आणि आमचे वडील ‘मिलमध्ये मास्तर’ आहेत असे आम्ही त्यांस सांगून ठेवले होते. लालबागेशी येताच दुरून पाटी दिसली. वडील मान वर करून आमच्या वाटेकडेच पाहत होते. आम्ही मित्रांस म्हटले, “चला, पलीकडून जाऊ, तिकडे सावली आहे.” आणि भरधाव मोटारींच्या मधून आम्ही रस्ता ओलांडला. पलीकडच्या पदपथावरून मान खाली घालून पुढे निघून गेलो. सावली तेथे नव्हती. सूर्य केव्हाच कलला होता.

यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर घायाळ मनुष्यास पाहून दोघे जण दुसऱ्या बाजूने निघून गेले, हा दाखला आम्ही त्याच महिन्यात रविवारच्या शाळेत तोंडपाठ म्हणून दाखविला होता आणि त्याबद्दल एक चित्र बक्षीस मिळविले होते. तो दाखला आपल्याविषयी आहे, हे काही ध्यानात आले नाही.

रात्री वडील घरी आले. आम्ही पुस्तकात तोंड खुपसून बसलो होतो. आता रागावतील, मारतील, निदान आईस सांगतील, अशी धास्ती होती. त्यांनी पाटी कोपऱ्यात ठेवली, हातपाय धुतले, जेवावयास बसले, आणि पहिला घास घेण्यापूर्वी इतकेच विचारले, “रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघितलं होतंस ना रे?” आम्ही ‘हो’ म्हटले. “मग ठीक आहे,” असे म्हणून ते जेवू लागले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधीही काढला नाही. त्यांना जाऊन आता बारा वर्षे झाली. तो विषय काढण्याचे धैर्य आम्हांसही कधी झाले नाही.

असो. पेरू संपले, बाईंचा निरोप घेतला आणि आमची टोळी पुढे निघाली. चालता चालता मुलांस आम्ही लालबागच्या बाजाराची गोष्ट सांगितली. १९३२ साली येथील पेरू चाळीतील बाजार बंद झाला, आणि कोळी बांधव व लहान विक्रेते यांस उघड्यावर बसण्याची पाळी आली. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला, जागा मिळाली, आणि १९३४ साली त्यांनी जो सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला, तोच आज ‘लालबागचा राजा’ म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे. ज्याच्या दर्शनास लाखो लोक रांगा लावतात, त्या उत्सवाचा उगम पाटी टेकावयास हक्काची जागा हवी एवढ्याच मागण्यात आहे. हे सांगत असता त्या मुलाने आमच्याकडे वळून पाहिले. बहुधा आपल्या आईच्या गोणपाटाचा इतिहास ग्रंथात सापडतो, याचे त्याला नवल वाटले असावे.

परळ हे पूर्वी मोठ्या साहेबांचे ठिकाण होते. पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ इंग्रजांनी ताब्यात घेतला व पुढे तेथे गव्हर्नराचे निवासस्थान झाले. कोटातून परळास जाणाऱ्या रस्त्यास महत्त्व आले ते मुख्यतः त्यामुळे. परंतु रोगराई श्रीमंताचे दार ओळखते असे नाही. एका गव्हर्नराची पत्नी येथे पटकीने मरण पावली, आणि कालांतराने गव्हर्नरांनी मलबार पॉइंटास बिऱ्हाड हलविले. १८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ आली. डॉक्टर वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या त्याच रिकाम्या वाड्यात आली. १९२५ पासून ती संस्था हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते. जवळच १९२६ सालचे के. ई. एम. रुग्णालय व १९४१ सालचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. जेथे पूर्वी मेजवान्या होत, त्या परिसरात आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले रोगी व त्यांचे नातलग पदपथावर पथारी पसरून आपल्या पाळीची वाट पाहतात. आमच्या मुलींपैकी एकीने आपला डबा तेथील एका आजीबाईंस देऊन टाकला. आम्ही ते पाहिले नाही असे दाखविले.

परळ भागातच १९३१ साली रस्त्याचे काम चालू असता मजुरांच्या कुदळीस एक प्रचंड शिल्प लागले. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे, दोन पुरुष उंचीचे ते शिवशिल्प आज बारादेवीच्या मंदिरात आहे. रस्ता नवीन असला तरी त्याखालची वस्ती किती जुनी, हे त्यावरून कळते.

याच परळच्या बी. आय. टी. चाळीत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर दीर्घकाळ राहिले. चाळीतील लहानशी खोली, भोवती कामगारांचा कोलाहल, आणि त्यात त्यांचे अध्ययन. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले, ते विशेषतः आपल्या ग्रंथांस नीट जागा मिळावी म्हणून. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे देहावसान झाले, आणि दुसऱ्या दिवशी राजगृहापासून निघालेल्या त्यांच्या अंत्ययात्रेत लाखो लोक चालले. मोठ्या पुरुषांची नावे रस्त्यांस पुष्कळ दिली जातात. परंतु ज्याच्या काठी तो पुरुष गरिबीत राहिला, शिकला व लोकांसाठी झिजला, त्याच रस्त्यास त्याचे नाव मिळावे, असा योग क्वचित येतो.

परळ व दादर यांच्यामध्ये हिंदमाता लागते. भायखळ्यास जी पाण्याची गोष्ट सांगितली तिची आठवण येथे दर पावसाळ्यात होते. हा भाग बशीसारखा खोलगट. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की पाण्यास बाहेर जाण्यास वाट राहत नाही. अलीकडे पाणी साठविण्यासाठी जमिनीखाली टाक्या बांधल्या आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री आम्ही कमरेइतक्या पाण्यातून याच रस्त्याने घरी निघालो होतो. अनोळखी माणसांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली होती, आणि उघड्या गटाराशी एक मुलगा काठी घेऊन उभा राहून येणाऱ्या प्रत्येकास सावध करीत होता. लालबागेच्या कोपऱ्यावर एक म्हातारा मनुष्य छत्री धरून पाण्यात उभा होता. ते आमचे वडील होते. किती वेळ उभे होते हे त्यांनी सांगितले नाही. त्या रात्री आम्ही दोघे एका छत्रीखाली, रस्त्याच्या एकाच बाजूने, घरी गेलो.

दादरच्या चौकास जुने लोक अजून ‘दादर टी. टी.’ म्हणतात. ती दोन अक्षरे म्हणजे ट्रामचे अखेरचे स्थानक. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली, विजेची १९०७ साली. आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून याच चौकापर्यंत आली. ट्राम गेली, रूळ गेले. दोन अक्षरे तेवढी राहिली. बसचा वाहक ‘टीटी, टीटी’ असा पुकारा करतो तेव्हा त्यांचा अर्थ किती जणांस ठाऊक असतो कोण जाणे!

दादरपासून पुढे रस्त्याचे रूप पालटते. तो सरळ व रुंद होतो, दोहों अंगांस वृक्ष येतात. हेही त्या प्लेगचेच फळ. साथीनंतर शहरातील कोंडट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ साली सुधारणा न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला आणि त्याने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांची आखणी केली. घराघरांत हवा व उजेड खेळावा हा त्यामागील हेतू. किंग्ज सर्कलच्या उद्यानात बसून आम्ही डबे उघडले; त्यास आता महेश्वरी उद्यान म्हणतात. डबा देऊन टाकणाऱ्या मुलीपुढे दहा डब्यांतील घास येऊन पडले, आणि सर्वांत अधिक जेवण तिचेच झाले.

शेवटचा टप्पा शिवेचा. येथे आमच्या बालपणीची एक फजिती सांगावयास हरकत नाही. रविवारच्या शाळेत आम्ही सियोन डोंगराविषयी ऐकले होते, आणि रेल्वेच्या फलकावर इंग्रजीत तेच नाव वाचले होते. दावीद राजाचे नगर दादरच्या पलीकडे चार-पाच किलोमीटरांवर आहे, अशी आमची कितीतरी दिवस पक्की समजूत होती. आणि तेथे जाण्यास बसचे भाडे इतके थोडे असता मंडळी त्याविषयी एवढी तळमळ का करतात, हे कोडे सुटत नसे. वडिलांस विचारले तेव्हा ते पोट धरून हसले. मराठीत गावाच्या हद्दीस शीव म्हणतात. बेटाची हद्द येथे संपे, म्हणून हे शीव.

टेकडीवरील किल्ला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी बांधला. पलीकडे खाडी होती व खाडीपार साष्टी, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या काळात खाडीवर सेतूमार्ग बांधण्याचे काम निघाले, आणि १८०५ साली तो पुरा होऊन मुंबई साष्टीस जोडली गेली. आरंभी त्यावरून जाण्यास पथकर द्यावा लागे. १८३१ साली तो उठविण्यात आला. तेव्हापासून या शिवेवरून कोणीही, डोक्यावर पाटी असो वा अंगाखाली घोडा, मोकळेपणी आत येऊ लागला.

पडक्या बुरुजाशी बसून मुलांनी आलेल्या वाटेकडे पाहिले. आम्ही प्रत्येकास विचारले, काय लक्षात राहिले? कोणी हत्ती म्हणाला, कोणी ट्राम, कोणी बुडालेले हिंदमाता. त्या मुलाची पाळी आली. तो थोडा विचार करून म्हणाला, “सर, आता मला दहा वाक्यं येतील. पण पहिली दोन तीच राहतील.”

सोमवारी त्याची वही मागितली, तो ती पाण्याने भिजून रद्दीत गेल्याचे कळले. दोन गुण व तो शेरा आता खोडता येत नाही, म्हणून येथे छापून सांगतो : त्या दोन वाक्यांत अपुरे काहीच नव्हते. जे वाक्य लिहावयास आम्हांस तेहतीस वर्षे लागली, ते त्याने एका संध्याकाळी सहज लिहिले होते. या रस्त्यावर आमचे वडील बसत असत. म्हणून आम्हांस तो आवडतो.

बालमित्रहो, तुम्ही रोज हा रस्ता ओलांडता. ओलांडताना दोन्हीकडे नीट पाहत जा. एका बाजूने वाहन येत असते. दुसऱ्या बाजूस कदाचित तुमच्या वाटेकडे डोळे लावून कोणी बसलेले असेल.